मूळ धाडा

१८ बहमन १३४६ फसली, भोकरदन

हैदराबाद सरकारच्या शाळेचा मास्तर आहे म्हणून तारीख सरकारी टाकतो. घरात मार्गशीर्षच चालू आहे.

आज सुगनचंदाच्या दुकानात हळद आणायला गेल्तो. त्यानं पुडी बांधायला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेतलं आणि टर्रकन पान फाडलं. मी म्हटलं, शेठ, हे काय चालवलंय? तर म्हणतो कसा, "मास्तर, जालन्याहून रद्दीत आलंय. कोण्या पाद्र्याचं होतं. पण कागद एक नंबर, हळद बिलकुल गळत न्हाई." मी पुस्तक त्याच्या हातातून हिसकलंच. बदल्यात सहामाहीच्या परीक्षेचे सगळे पेपर देऊन टाकले. मार्क अजून चढवायचे होते, ते आता पोरांच्या तोंडाकडं बघून चढवीन.

घरी येऊन उघडलं आणि थक्क झालो. इंग्रजी शब्द मुळात इंग्रजांचे न्हाईतच! सगळे ग्रीक आणि लॅटिन लोकांकडून उचललेले. पुस्तकात एकेक मूळ, मुळाचा अर्थ आणि त्यातून फुटलेले शब्द. आख्ख्या भोकरदनात मिडलपर्यंत इंग्रजी झालेला मी एकटा, आणि मला ही गोष्ट कोणी सांगितली न्हाई!

ए, बी, सी ही तीन अक्षरं सुगनचंदाच्या हळदीत गेली. पुस्तक डी पासून सुरू होतं. जाऊ द्या. तीन अक्षरांत असं काय मोठं राहणार आहे?

१९ बहमन

पहिलंच मूळ निघालं 'डर्म'. माझं नाव धर्मराज! ग्रीक लोकांना माझं नाव ठाऊक होतं तर! अर्थ बघितला. कातडी. पुन्हा बघितला. कातडीच. म्हणजे मी कातडीचा राजा.

 मंग विचार केला, कातडी कोणाला न्हाई? राजाला बी आहे, रंकाला बी आहे. नाव भारदस्तच म्हणायचं.

सोनूबाईला सांगितलं. सोनूबाई माझी बायको. लग्न झाल्यापासून तिनं 'धर्म' हा शब्द तोंडातून काढलेला न्हाई, कारण नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? धर्मशाळेला ती 'मुसाफिरांची जागा' म्हणते. धर्माबादला तिची आत्या दिली आहे, त्या गावाला 'आत्याचं गाव'. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता कातडी बी म्हणायची न्हाई का?"

मी म्हटलं, शास्त्राप्रमाणं बघितलं तर न्हाई.

ती "बराबर" म्हणाली आणि आत गेली. किती समजूतदार बाई!

२२ बहमन

दोन शोध लागले. एक, 'पुंक्ट' म्हणजे टोचणं. त्यावरून पंक्चर. माझा दोस्त पुंजाराम, गावात सायकल असलेला एकटा माणूस, आठवड्यातून दोनदा टायर काढून बसलेला असतो. दोष बाभळीच्या काट्यांचा न्हाई, नावाचा आहे! त्याला जाऊन सांगितलं. त्यानं पंप माझ्या अंगावर फेकला. विद्येला मान देणारी माणसं न्हाईत गावात.

दुसरा शोध मोठा आहे. 'हायड्रो' म्हणजे पाणी. त्यावरून हैदराबाद! मधल्या सुट्टीत मौलवी साहेबांना सांगितलं. मौलवी साहेब आमच्या शाळेत उर्दू शिकवतात, सभ्य माणूस. त्यांनी उठून आधी दार लावलं, मंग खिडकी लावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्टर साब, नोकरी पक्की होने तक ये बात इस कमरे से बाहर न जाए."

बरं म्हटलं. शोध लागून बी गप बसायचं म्हणजे पोटात दुखतं.

२३ बहमन

आज चुकलो की काय, कळत न्हाई. मी फक्त खरं ते सांगितलं.

'सोनस' म्हणजे आवाज. गलका, गोंगाट, जे म्हणायचं ते. पान बघताच मी चुलीपाशी धावत गेलो. म्हटलं, अगं, तुझं नाव सापडलं! सोनू म्हणजे गोंगाट!

तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "माझ्या बापानं सोन्यासारखी लेक म्हणून नाव ठेवलंय."

मी म्हटलं, रामरावांना लॅटिन येत न्हाई, त्यांचा दोष न्हाई. खरं तर 'रामुस' म्हणजे फांदी, म्हणजे तुझे वडील झाडाची फांदी, आणि 'साल' म्हणजे मीठ, म्हणजे तुझ्या आई साळूबाई...

पुढचं ऐकायला ती थांबली न्हाई. बापाला फांदी आणि आईला मीठ म्हटल्याचा राग आला असणार. पण मिठावरून इंग्रजीत पगाराला शब्द आला आहे. म्हणजे सासूबाईंचा मानच झाला की!

सकाळी ती न्हाणीत जाऊन ओकून आली होती. मी म्हटलं, काल रात्रीची वांगी बाधली. शेजारच्या झुंबरबाई भिंतीवरून बघत होत्या, त्या माझ्याकडं बघून हसल्या. लोकांच्या ओकारीत हसण्यासारखं काय आहे?

२६ बहमन

आज पिठलं-भाकरीबरोबर कांदा आला तो सालीसकट. लसूण आख्खा. भुईमुगाच्या शेंगा फोडलेल्या न्हाईत, दाण्यांची चटणी म्हणून टरफलांसकट कुटलेल्या. मी विचारलं, हा काय प्रकार?

"साल म्हणजे कांद्याची कातडीच की. तुम्हीच सांगितलं, कातडी म्हणजे तुमचं नाव. मी नवऱ्याला सोलू का?"

मी तो तसाच खाल्ला. सालीचा कांदा दाताखाली कचकच वाजतो.

आणखी एक. ती आज भिंतीचा पोपडा काढून खाताना सापडली. मी म्हटलं, अगं, भाड्याची भिंत आहे! तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मंग चिंचा आणा." चिंचांचा आणि भिंतीचा काय संबंध? बायकांचा राग कोणत्या वाटेनं कुठं निघंल, सांगता येत न्हाई.

१ इस्फंदार

सकाळी दार उघडलं तर ओट्यावर तीन माणसं. एकाला नायटा, एकाला खरूज, आणि तिसरा अंतरवालीहून बैल घेऊन आल्ता. बैलाच्या मानेवर चट्टा. म्हणाला, "मास्तर, कातडीचे राजे तुम्हीच ना?"

मी त्यांना पिटाळलं. बैल जाईना. त्यानं माझा वाळत घातलेला पंचा खाल्ला.

आत जाऊन सोनूबाईवर ओरडलो, पाणवठ्यावर माझं नाव घेत फिरते काय? ती शांतपणे म्हणाली, "मी नाव घेतलं न्हाई. मी फक्त अर्थ सांगितला."



४ इस्फंदार

सोनूबाई गेली.

तिचा थोरला भाऊ कचरू पिंपळगावहून गाडी घेऊन आला. म्हणाला, "दाजी, बायोला चार दिवस न्यावं म्हणतो. आईला काळजी वाटून राह्यली." तिकडं तिला बायो म्हणतात. मला बहाणा कळला. माझ्या गोंगाटाचा निरोप पिंपळगावपर्यंत पोचला होता. मी बी तोऱ्यात म्हटलं, न्या की, चार का, चाळीस दिवस न्या.

गाडीत बसताना ती एवढंच म्हणाली, "गोंगाट चालला. आता शांततेत वाचा."

झुंबरबाईंनी गाडीत दोन उशा ठेवायला लावल्या आणि कचरूला बजावलं, बैल पळवू नको, खड्डे चुकव. उशा माझ्या होत्या.

९ इस्फंदार

वाचतोय. शांतता आहे. वाचवत न्हाई.

भाकरी थापली, ती पाटीसारखी झाली. कांदा मी स्वतः सोलला. कोणी अडवायला न्हाई. अर्धा ताटातच राह्यला.

खरं सांगायचं तर हे घर एवढं मुकं आहे हे मला ठाऊक नव्हतं. भांडी वाजायची, बांगड्या वाजायच्या, झुंबरबाईंशी भिंतीवरून तिचं बोलणं चालायचं, मी ओरडायचो, गलका बंद करा, मी वाचून राह्यलो! आता पुस्तकात सोनसचं पान आलं की उलटून पुढं जातो. ती परत आली न्हाई तर मी काय करीन? हे कोणाला विचारायचं? मी मास्तर आहे, मला लोक विचारतात.

१६ इस्फंदार

आनंद! आनंद!

आज बाजाराला कचरू आल्ता. मुद्दाम शाळेत येऊन निरोप दिला, "दाजी, बाबांनी सांगितलंय, मूळ धाडा. आई म्हणती, जल्दी धाडा, दिवस अवघड होत चाललेत."

मूळ धाडा! रामरावांनी, ज्यांना मी फांदी म्हटलं, त्यांनी मुळं मागितली! म्हणजे सोनूबाईनं तिथं पुस्तकाची गोष्ट काढली असणार, वडिलांना गोडी लागली असणार. आणि दिवस अवघड आहेत ते बी खरंच, सगळीकडं इंग्रजीच लागतं आता.

पण ह्या वेळी मी शहाणा झालो होतो. गोंगाट-बिंगाट बिलकुल न्हाई. निवडून गोड मुळं काढली आणि कचरूकडून बाभळीखाली पाठ करून घेतली. 'सोल' म्हणजे सूर्य. 'लूना' म्हणजे चंद्र. 'मेल' म्हणजे मध. आणि खास निरोप, की सोनू हे सोनसवरून न्हाई, सोलवरून आलं असावं, माझ्या वाचण्यात चूक झाली, सूर्य तो सोन्यासारखाच.

कचरू घामाघूम झाला. "दाजी, पण मूळ कधी धाडता?"

मी म्हटलं, हेच की! तोंडीच ने.

"गाडी बिडी?"

गाडी कशाला, डोक्यात मावतात.

तो पुन्हा पुन्हा "सोल, मेल, लूना" पुटपुटत बैलांपाशी गेला. नांगराला हात सोकलेला माणूस, पण पाठांतर बरं आहे.

२३ इस्फंदार

कचरू परत आला. उंबऱ्यावरच उभा राह्यला. पाणी बी घेतलं न्हाई.

"दाजी, मी बराबर सांगितलं. सोल म्हणजे चंद्र, मेल म्हणजे सूर्य, लूना म्हणजे गूळ."

मी म्हटलं, अरे देवा! मंग?

"बाबा म्हणाले, हे मूळ न्हाई, हे येड आहे. बायो पहिली हसली. मंग गाडी कुठंय म्हणाली. गाडी न्हाई म्हटल्यावर रडायला लागली. म्हणाली, त्यांना मी नको असंल तर तसं सांगा. आई म्हणती, येत्या चार दिवसांत चालतं-बोलतं मूळ आलं न्हाई, तर बायो बाळंतपणापर्यंत..." इथं बैलांनी हिसका दिला, तो पळाला आणि तिकडूनच ओरडून गेला.

बाळंतपण कोणाचं? त्यांची म्हैस गाभण होती, ते खरं.

सोनूबाई रडली. मला ती नको? मला? ह्या वाक्यानं रात्रभर डोळा लागला न्हाई.

चालतं-बोलतं मूळ म्हणजे काय? ग्रीक आणि लॅटिन ह्या मेलेल्या भाषा आहेत, असं प्रस्तावनेच्या उरलेल्या तुकड्यात लिहिलंय. त्यांना जिवंत भाषेतली मुळं पाहिजेत, हे उघड आहे. उद्या मौलवी साहेबांकडून फारसी घेतो.

२४ इस्फंदार

ओट्यावर बसून फारसी मुळं घोकत होतो. झुंबरबाई भिंतीवरून म्हणाल्या, "मास्तर, सोनूला आणायला कोण गेलंय?"

मी म्हटलं, अजून कोणी न्हाई, पण सासऱ्यांनी मुळं मागवलीत, तीच तयार करून राह्यलो.

"काय मागवलंय?"

मूळ. मूळ धाडा म्हणाले.

झुंबरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, तो एवढ्या जोरात की माझी मांजर पळाली. "अरे माझ्या कर्मा! मास्तर, मूळ म्हणजे माणूस! सासरवाशिणीला न्यायला नाही तर आणायला जो माणूस धाडतात त्याला मूळ म्हणतात! तुमच्या आईला न्यायला मूळ येत नव्हतं का? शिकून शिकून डोक्याचा भुसा झाला की तुमच्या!"

मी म्हटलं, आमच्याकडं मुराळी म्हणतात. हे अगदीच खोटं न्हाई. पण मूळ बी म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला शब्द. आणि मी त्या बिचाऱ्या कचरूला बाभळीखाली चंद्र-सूर्य शिकवत बसलो!

"दोन जिवांची बाई तिकडं वाट बघून राह्यली," झुंबरबाई म्हणाल्या, "जा, आजच जा."

दोन जीव. खरंय. एक तिकडं, एक इकडं. झुंबरबाई रागीट आहेत, पण कधी कधी फार मनाला लागेल असं बोलतात.

२६ इस्फंदार

मूळ म्हणून कोणाला धाडावं? भाऊ न्हाई, वडील न्हाईत. मौलवी साहेब म्हणाले, "मैं चलता, मगर आपके ससुर मुझसे भी अरबी पूछेंगे." पुंजाराम यायला तयार न्हाई, पंक्चरचा राग अजून आहे. सायकल मात्र दिली. म्हणाला, "तुझ्यासाठी न्हाई, वहिनीसाठी."

रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून सुगनचंदाकडं गेलो. चिंचा घेतल्या, खारीक घेतली. त्यानं पुडी बांधून दिली. घरी येऊन बघतो तर कागद ओळखीचा. माझ्या पुस्तकाचं पान! बी अक्षराचं!

हळदीच्या डागाखाली एक मूळ छापलेलं. 'बायो'. अर्थ, जीव.

बायो म्हणजे जीव.

 तिचे आई-बाप, तिचा नांगरधरी भाऊ तिला बायो म्हणतात. एकाला बी ग्रीक येत न्हाई. आणि मी डी पासून पुढं सगळं वाचून तिला गोंगाट म्हटलं.

२७ इस्फंदार, पिंपळगाव रेणुकाई

सायकल आपल्या मालकाच्या नावाला जागली. निम्म्या वाटेत पंक्चर. उरलेली वाट तिला ढकलत आलो, म्हणजे सायकलनं मला आणलं न्हाई, मीच सायकलला आणलं.

रेणुकाईच्या देवळापाशी माणसं बसली होती. रामराव उठून पुढं आले. "या जावईबापू. मूळ कुठंय?"

मी म्हटलं, मामा, मीच.

"जावई सोताच मूळ?" त्यांनी मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. "असं आमच्या गावात कधी झालं न्हाई."

एक म्हातारा म्हणाला, "होऊ द्या. चंद्र-सूर्यापेक्षा बरं." म्हणजे गावभर झालं होतं.

सायकल धरूनच घरच्या अंगणात शिरलो, देवळापाशी बसलेली माणसं बी मागोमाग आली. सासूबाई दाराआड. कचरू माझ्याकडं बघेना, तोंडातल्या तोंडात 'लूना' म्हणून हसत होता. सोनूबाई तांब्या घेऊन आली. माहेरचं पाणी मानवलेलं दिसलं, अंगानं भरली होती. मी घोकून आणलेलं सगळं विसरलो. पुडी पुढं केली आणि बोललो ते असं:

"पुस्तकाची पहिली अक्षरं हरवल्ती. त्यात तुझं नाव होतं. बायो म्हणजे जीव. गोंगाट न्हाई. तू न्हाईस तर घर मुकं झालंय. मला तू नको, असं कधी म्हणू नको. चल घरी."

सगळ्या माणसांसमोर बोललो. लाज वाटली, पण बोललो.

तिनं पुडी सोडली. एक चिंच काढून तोंडात टाकली. डोळे मिटले. मंग म्हणाली, "किती जीव म्हणता?"

"एक. तू."

"मंग तुमचं पुस्तक पुन्हा चुकलं. दोन आहेत."

मी म्हटलं, दुसरा मीच की.

दाराआडून सासूबाई ओरडल्या, "अगं बाई! ह्यांना खरंच ठाऊक न्हाई!"

आणि मंग एकदम सगळं डोक्यात शिरलं. ओकारी. भिंतीचा पोपडा. चिंचा. उशा. झुंबरबाईंचं हसणं. म्हैस न्हाई, म्हैस न्हाई! मी खाली बसलो. सायकल हातातून सुटली, कचरूच्या पायावर पडली. मी रडलो की हसलो ते सांगता येत न्हाई, पण जोरात. सोनस म्हणजे काय ते आख्ख्या पिंपळगावानं ऐकलं.

रामरावांनी मला उठवलं. म्हणाले, "असू द्या जावईबापू. मूळ उशिरा आलं, तरी मूल वेळेवर येईल."

उद्या गाडीनं निघायचं. सातव्या महिन्यात तिकडंच ओटी भरायची, मंग बाळंतपणाला हे लोक मूळ धाडतील. धाडू द्या. मूळ म्हणजे काय ते मला आता कळतं.

संध्याकाळी शेजारच्या बायका जमल्या. आता नाव घे म्हणाल्या, जावई सोता मूळ होऊन आलाय. सोनूबाईनं पदर सावरला आणि घेतलं:

"रेणुकाईच्या पारावर पिंपळाची सावली,
धर्मराजांच्या विद्येची साल मीच सोलली!"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

जेवायला बसलो तर ताटात पिठलं, भाकरी, आणि शेजारी कांदा. पांढरा स्वच्छ, एक साल न्हाई. ती समोर बसून दुसरा सोलत होती, डोळ्यांतून धारा. मी हळूच म्हटलं, अगं, रडू नको आता.

"रडत न्हाई," ती म्हणाली. "तुमचं नाव घेऊन राह्यले."